मुदतीच्या शिष्यवृत्तीवर शिकलेला अर्थशास्त्रज्ञ

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र सांगताना बडोद्याच्या शिष्यवृत्तीचा उल्लेख एका वाक्यात उरकण्याची आपल्याकडे रीत पडून गेली आहे. महाराजांनी साहाय्य केले, भीमराव अमेरिकेस गेले आणि डॉक्टर होऊन परतले, इतका तो प्रवास सरळ भासतो. वस्तुतः १९०७ ते १९२३ ही सोळा वर्षे म्हणजे पैसा कोठून आला, किती पुरला आणि कोठे तुटला याचाच इतिहास होय. ज्यांच्या घरी दर जून महिन्यात हाच हिशेब मांडला जातो, त्यांनी तो बारकाईने पाहण्यासारखा आहे.

वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झालेले. निवृत्तिवेतन तुटपुंजे, परंतु मुलाने मागितलेले पुस्तक आणण्यासाठी विवाहित मुलींचे दागिने गहाण टाकण्यापर्यंत त्यांची तयारी असे. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षक-लेखकाने त्या प्रसंगी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. त्याच केळुसकर गुरुजींनी पुढे केलेली कामगिरी मात्र तितकीशी सांगितली जात नाही. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण पैशाअभावी थांबण्याची वेळ आली, तेव्हा गुरुजी त्यांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. अस्पृश्य विद्यार्थ्यांना साहाय्य करण्याची महाराजांची तयारी होतीच. पण दरबारातील औदार्य आणि परळच्या चाळीतील मुलगा यांच्यामध्ये उभा राहणारा एक शिक्षक लागला. योजना असते, पात्र विद्यार्थीही असतो आणि तरी दोघांची गाठ पडत नाही, हा अनुभव आजच्या अध्यापकांना अपरिचित नसावा.

१९१३ च्या आरंभी पदवीधर भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि लगेच, फेब्रुवारीत, रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी जूनमध्ये परदेशी शिक्षणाचा करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर संस्थानाची दहा वर्षे सेवा. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर हे निखळ दान नव्हते. श्रमाने फेडावयाचे ते कर्ज होते. त्यातून कोलंबिया विद्यापीठाचा खर्च, न्यूयॉर्कचे राहणे आणि घरी रमाबाईंना पाठवावयाची रक्कम, हे सारे भागवायचे. तरीही जुन्या बाजारात हिंडून पुस्तके जमविण्याचा सोस सुटला नाही. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले आणि १९१६ मध्ये त्यांनी प्रबंध सादर केला. मात्र तो छापून दाखल केल्यावाचून डॉक्टरेट मिळत नसे. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील तो ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पदवी हाती पडली ती १९२७ मध्ये!

न्यूयॉर्कहून ते १९१६ च्या ऑक्टोबरात लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा असा दुहेरी अभ्यास सुरू झाला, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची अनुज्ञा विद्यापीठाकडून मिळवून १९१७ मध्ये त्यांना मायदेशी यावे लागले. सामानाबरोबर पाठविलेली पुस्तके युद्धातील पाणतीरांमुळे समुद्रात बुडाली, ती वेगळीच. बडोद्यात मोठ्या हुद्द्याची नोकरी होती; राहावयास खोली मात्र मिळेना. जात लपवून पारशी वसतिगृहात आसरा घ्यावा लागला, आणि तेथूनही हाकलले गेल्यावर त्यांनी बडोदे सोडले. सेवेची दहा वर्षे कागदावर नेमकेपणाने लिहिणाऱ्या करारात या अडचणीला रकाना नव्हता.

१९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली. साडेचारशे रुपये पगार आणि त्यातून कसोशीने काटकसर, असा क्रम चालला. या शिलकेत शाहू महाराजांनी दिलेल्या दीड हजार रुपयांची आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेल्या पाच हजारांच्या कर्जाची भर पडली आणि १९२० मध्ये, अनुज्ञेची मुदत सरण्यापूर्वी, ते लंडनला पोचले. या खेपेस रात्रीची भूक पापडावर भागविण्याची पाळी आली. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी. एस्सी. तीन वर्षांच्या खंडाची किंमत एका असामान्य माणसाने भरून काढली. सामान्य विद्यार्थी अशा खंडानंतर सहसा परतत नाही.

स्वतः शिष्यवृत्तीवर शिकलेल्या या माणसाने १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात रोख शिष्यवृत्त्यांच्या पद्धतीवरच टीका केली, याचे अनेकांना नवल वाटेल. पालकाच्या हाती पडलेली तुटपुंजी रक्कम घरखर्चात विरते, त्यापेक्षा तोच पैसा वसतिगृहांवर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे होते. दलित विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांचे काम त्यांनी हाती घेतलेही. तथापि महाविद्यालयीन शिक्षणासाठी रोख साहाय्य त्यांना आवश्यकच वाटे. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी त्यासाठी निवेदन दिले, वर्षाला तीन लाखांची तरतूद मंजूर करून घेतली, आणि १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे अनुसूचित जमातींनाही ती लागू झाली.

१९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. हेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. निजामी राजवट संपून दोनच वर्षे झाली होती आणि मराठवाड्यात पदवीचे शिक्षण दुर्मीळ होते. नागसेनवनाच्या उभारणीत बाबासाहेबांनी जातीने लक्ष घातले, आणि वर्गांइतकेच महत्त्व वसतिगृहांना दिले. मुंबईहून येणाऱ्यास मनमाडला गाडी बदलावी लागे; मग छोट्या रुळांवरून रोटेगाव, लासूर, दौलताबाद करीत शहर येई. त्याच मार्गावरून लासूर स्टेशन आणि आसपासच्या खेड्यांतील मुले आजही सवलतीचा पास काढून महाविद्यालयात जातात.

त्यांतील मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या मुलांच्या पदरी काय पडते? २०२१ च्या केंद्रीय नियमावलीनुसार बी. ए., बी. कॉम.सारख्या अभ्यासक्रमाच्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला निर्वाहभत्ता वसतिगृहात राहिल्यास वर्षाला ६,००० रुपये आणि घरून ये-जा केल्यास ३,००० रुपये. शुल्काची भरपाई वेगळी असते, हे खरे. पण कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असले पाहिजे, दाखला तहसीलचा हवा, बँकखाते आधारशी जोडलेले हवे आणि महाडीबीटीवरील अर्ज महाविद्यालयाने मुदतीत पुढे पाठविला पाहिजे. तीन हजारांचे महिन्याला अडीचशे होतात. रोज गाडीने जाणाऱ्या मुलाचा पास, वह्या आणि दुपारचे खाणे त्यातच बसवायचे, आणि तेही रक्कम वेळेवर जमा झाली तर. अनेकदा ती परीक्षा होऊन गेल्यावर येते. वसतिगृहात जागा मिळती तर भत्ता दुप्पट झाला असता, परंतु जागा मोजक्या असतात.