वाल्देमार हाफकिन आणि एक बाटली

किल्लारीच्या भूकंपाला जेमतेम वर्ष होत आलं होतं. आपण नववीत होतो. सप्टेंबर १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघाल्याची बातमी आली, पाठोपाठ सुरतेहून माणसं पळत सुटल्याची. लातुरातही नाकाला रुमाल आले. घरात मेलेला उंदीर दिसला की गल्लीभर चर्चा व्हायची. त्या दिवसांत विज्ञानाच्या बाईंनी चालू धडा बाजूला ठेवला, फळ्यावर उंदीर, पिसू आणि माणूस काढला, आणि हाफकिन हे नाव सांगितलं. स्मरणिकेसाठी लिही असा निरोप आला तेव्हा मला तोच तास आठवला.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० सालचा, काळ्या समुद्रावरच्या ओडेसा शहरातला. घर ज्यू. शिक्षण प्राणिशास्त्राचं, गुरू मेचनिकोव्ह. ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा बचावासाठी उभे राहिले, जखमी झाले, अटकही झाली. धर्म बदलला असता तर विद्यापीठात जागा मिळाली असती. त्यांनी बदलला नाही. पुढे पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत गेले, तेही ग्रंथपालाच्या कामावर. उरलेल्या वेळात पटकीची लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते कलकत्त्याला आले आणि वस्त्यावस्त्यांतून हजारो लोकांना ही लस टोचली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. याच साथीत रुग्णांची सेवा करताना मार्च १८९७ मध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या, हे आपण सगळे जाणतो. ऑक्टोबरमध्ये हाफकिन यांना मुंबईला बोलावणं आलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा मिळाला, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचे जंतू वाढवायचे, त्यासाठी पोषक द्रवावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, मग उष्णतेने ते जंतू मारून लस करायची, अशी त्यांची रीत. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी नेहमीपेक्षा मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. ताप आला, पण काम थांबलं नाही.

लस चालते हे सिद्ध कसं करायचं? साथ आपोआपही ओसरते, मग श्रेय कुणाचं? म्हणून त्यांनी तुलना केली. आधी भायखळ्याच्या तुरुंगात, तयार झालेल्या कैद्यांना टोचून बाकीच्यांशी. मग १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंडेरा गावात, घराघरात. एका घरातल्या निम्म्यांना टोचायचं, निम्म्यांना नाही. म्हणजे घर, उंदीर, अन्न सगळं सारखं, फरक फक्त लशीचा. ज्या घरांत प्लेग शिरला तिथे टोचलेले ७१ होते, त्यांपैकी आठ आजारी पडले, तीन दगावले. न टोचलेले ६४ होते, त्यांपैकी २७ आजारी पडले आणि २६ दगावले. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, हेही त्याच आकड्यांत दिसतं. त्यांनी ते लपवलं नाही.

१८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली. सगळं नीट चाललं असताना ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली आणि त्यांतले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतले. चौकशी समितीने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांनी लस करण्याची पद्धत थोडी बदलली होती, ते निमित्त पुरलं. ते वैद्यकीय पदवीधर नव्हते आणि परके होते, हेही अनेकांच्या मनात असणार. त्यांना पदावरून दूर केलं गेलं.

खरं तर उत्तर नोंदींतच होतं. त्याच वेळी भरलेल्या इतर बाटल्यांनी कुणाला काही झालं नव्हतं. ही बाटली उघडली तेव्हा तिला वास नव्हता, आणि धनुर्वाताचे जंतू आत वाढले असते तर दुर्गंधी सुटली असती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. मलेरिया डासांमार्फत पसरतो हे शोधून काढणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या वृत्तपत्रात हे जाहीरपणे मांडलं, तेव्हा कुठे हाफकिन निर्दोष ठरले. ते भारतात परतले, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचं नाव दिलं गेलं. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ते वारले.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, लशीतलं मला फारसं कळत नाही. पण चूक कुठे शिरली हे शोधणं माझं रोजचं काम आहे. पहिल्या नोकरीत एकदा ग्राहकाचे हिशेब चुकले आणि बैठकीत सगळ्यांनी एका नव्या मुलाकडे बोट दाखवलं. लॉग कुणी उघडले नाहीत. मला शंका होती, पण मीही गप्प बसले. आठवड्याने कळलं की चूक अगदी शेवटच्या टप्प्यावर, ग्राहकाच्या सर्व्हरवर झाली होती. तोवर त्या मुलाने राजीनामा दिला होता. तिथेही चिमटा बाहेरच पडला होता.

आपल्यातले काही जण आज लातूर-नांदेडला डॉक्टर आहेत. साप चावलेला रुग्ण आला की ज्या कुपीवर हाफकिन हे नाव असतं, तिच्यामागचा माणूस हा. बाई, त्या तासाला तुम्ही मुल्कोवालचं सांगितलं होतं की नाही, मला आठवत नाही. हा लेख लिहिताना मात्र त्या मुलाचा नंबर शोधला आणि इतक्या वर्षांनी त्याला फोन करून माझी चूक सांगितली. तो बराच वेळ बोलला. ते काही मी इथे लिहीत नाही.