सत्यान्वेषी हायगेन्स

दगडी फरशीवर टाकलेला चेंडू टुणकन उसळून वर येतो; तोच चेंडू चिखलात पडला, तर जागच्या जागी रुतून बसतो. मातीचे मडके खडकावर पडले, तर त्याची खापरे होतात. गवताच्या गंजीवर पडले, तर बहुधा शाबूत राहते. या गोष्टी माणूस हजारो वर्षे पाहत आला आहे. परंतु दोन वस्तूंची टक्कर होते तेव्हा नेमके काय घडते, या प्रश्नाचे अचूक उत्तर मिळण्यास सतरावे शतक उजाडावे लागले. ते उत्तर शोधून काढणाऱ्यांत हॉलंडमधील ख्रिस्तियान हायगेन्स याचे स्थान फार वरचे आहे.

हायगेन्सचा जन्म १४ एप्रिल १६२९ रोजी हेग या शहरी झाला. त्याचे वडील कॉन्स्टंटाइन हे राजदरबारी चिटणीस होते आणि कवी म्हणूनही त्यांची मोठी ख्याती होती. ख्रिस्तियान आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली. वडिलांनी मुलांसाठी घरीच शिक्षक ठेवले. भाषा, संगीत आणि गणित या विषयांत ख्रिस्तियानने लवकरच प्रावीण्य मिळवले. लहान लहान यंत्रे स्वतःच्या हातांनी तयार करण्याचाही त्याला नाद होता. त्याची तल्लख बुद्धी पाहून वडील त्याला कौतुकाने आपला आर्किमिडीज म्हणत.

वडिलांच्या स्नेह्यांमध्ये रने देकार्त हा थोर फ्रेंच तत्त्वज्ञ होता. त्या काळी तो हॉलंडमध्येच राहत असे. १६४४ मध्ये त्याचा एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पंधरा-सोळा वर्षांच्या ख्रिस्तियानने तो वाचला आणि तो अगदी भारून गेला. सृष्टीतील साऱ्या रहस्यांची किल्ली आपल्या हाती आली, असे त्याला वाटले.

त्या ग्रंथात टकरीचे सात नियम सांगितले होते. त्यांपैकी एका नियमाप्रमाणे, लहान वस्तू कितीही वेगाने येऊन मोठ्या, स्थिर वस्तूवर आदळली, तरी मोठी वस्तू तसूभरही हलणार नाही! हायगेन्स तेवीस वर्षांचा झाला, तेव्हा त्याच्या मनात या नियमांविषयी शंका डोकावू लागली. दोरीला टांगलेल्या मोठ्या गोळ्यावर लहान गोळा आदळला, तर मोठा गोळा हलतो, हे कोणालाही दिसत होते. मग ग्रंथ खरा, की डोळ्यांना दिसते ते खरे?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. देकार्त १६५० मध्ये वारला होता. पण विद्वानांमध्ये त्याचा शब्द प्रमाण मानला जात होता. हायगेन्सचे गुरू फ्रान्स व्हान स्कूटेन हेदेखील देकार्तचे निष्ठावंत अनुयायी होते. या भानगडीत पडू नये, असा सल्ला त्यांनी शिष्याला दिला. एकीकडे वडिलांचा पूज्य स्नेही व विद्यादान करणारे गुरू, तर दुसरीकडे सत्य! हायगेन्सच्या मनात देकार्तविषयी आदर होता. परंतु आदरापोटी असत्याला सत्य म्हणणे त्याला मान्य नव्हते. त्याने आपला अभ्यास नेटाने चालू ठेवला.

या अभ्यासात त्याच्या उपयोगी पडली ती एक नाव. हॉलंडमध्ये कालव्यांतून संथपणे जाणाऱ्या नावा हे नित्याचेच दृश्य. हायगेन्सने अशी कल्पना केली, की नावेत एक मनुष्य उभा आहे आणि त्याच्या हातांत दोऱ्यांना टांगलेले दोन सारखे, कठीण गोळे आहेत. समजा, तो ते गोळे सेकंदाला १ मीटर अशा वेगाने एकमेकांवर आदळवतो. दोन्ही गोळे त्याच वेगाने मागे उसळतात. आता नावही सेकंदाला १ मीटर वेगाने पुढे चालली असेल, तर काठावरील मनुष्यास काय दिसेल? नावेच्या दिशेने जाणारा गोळा त्याला २ मीटर वेगाने धावताना दिसेल. उलट दिशेचा गोळा मात्र जागीच स्थिर भासेल. टक्कर होताच धावणारा गोळा थांबेल आणि स्थिर गोळा २ मीटर वेगाने पुढे निघेल. टक्कर एकच, पण एका निरीक्षकाच्या अनुभवावरून दुसऱ्याचा अनुभव गणिताने सांगता आला! नावेचा वेग बदलून हायगेन्सने अनेक प्रकारच्या टकरींचे नियम काढले. देकार्तच्या सात नियमांपैकी केवळ पहिला टिकला.

देकार्तची चूक कोठे होती? वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकारास आज संवेग म्हणतात. देकार्तने वस्तूचा आकार व वेग विचारात घेतला. पण वेगाची दिशा सोडून दिली. ओल्या मातीचे दोन सारखे गोळे सारख्या वेगाने समोरासमोर आदळले, तर ते एकमेकांस चिकटून थांबतात. मग त्यांची गती गेली कोठे? दिशा लक्षात घेतली, की कोडे सुटते. एकाचा संवेग पुढे, दुसऱ्याचा तेवढाच मागे. म्हणून बेरीज आधीही शून्य व नंतरही शून्य. वस्तू कठीण असो वा मऊ, उसळो वा चिकटो, टकरीत एकूण संवेग बदलत नाही.

हायगेन्सने १६५६ मध्ये हे सारे एका ग्रंथात लिहून काढले. पण तो प्रसिद्ध केला नाही. दुसरी कामे त्याला खुणावत होती. १६५५ मध्ये त्याने शनीचा टायटन हा उपग्रह शोधला होता. १६५६ मध्ये त्याने लंबकाचे घड्याळ तयार केले आणि १६५९ मध्ये शनीभोवती कडे आहे, असे जगाला सांगितले. पुढे १६६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने टकरीचे नियम शोधण्याचे काम विद्वानांपुढे ठेवले. जॉन वॉलिस, ख्रिस्तोफर रेन आणि हायगेन्स या तिघांनी उत्तरे पाठवली. वॉलिसने न उसळणाऱ्या, तर इतर दोघांनी उसळणाऱ्या वस्तूंचा विचार केला होता. परंतु सोसायटीच्या नियतकालिकात आधी वॉलिस व रेन यांचेच लेख छापले गेले. हायगेन्सला याचे वाईट वाटले. १६६९ मध्ये त्याने आपले नियम पॅरिसमधील एका पत्रिकेत प्रसिद्ध केले.

न्यूटनने आपल्या १६८७ च्या ग्रंथात या तिघांचा गौरवाने उल्लेख केला. घट्ट गुंडाळलेल्या लोकरीचे गोळे टांगून त्याने प्रयोगही केले. ते गोळे जेवढ्या वेगाने एकमेकांजवळ येत, त्याच्या ५/९ वेगाने दूर जात. न्यूटनच्या नियमांमुळे मडक्याचे कोडेही उलगडले. थांबताना मडक्याला आपला सर्व संवेग गमवावाच लागतो. खडकावर हे क्षणार्धात घडते, म्हणून बल प्रचंड असते. गवत दबत दबत अधिक वेळ घेते, म्हणून बल कमी पडते. चेंडू झेलताना खेळाडू हात मागे घेतो, तो याचसाठी.

हायगेन्सची प्रकृती नाजूक होती. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत त्याने पुष्कळ वर्षे काम केले. पण आजारपणामुळे १६८१ मध्ये तो हेगला परतला. ८ जुलै १६९५ रोजी त्याचे देहावसान झाले. टकरीवरील त्याचा ग्रंथ १७०३ मध्ये, म्हणजे लिहिल्यानंतर तब्बल ४७ वर्षांनी प्रसिद्ध झाला.

१४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्सचे नाव दिलेले एक यान हवाई छत्रीच्या साहाय्याने टायटनवर उतरले. सेकंदाला सुमारे ५ मीटर वेगाने ते जमिनीवर आदळले. जमिनीत सुमारे १२ सेंटिमीटर खोल खळगा पडला. यान उसळून थोडे घसरले, डोलले आणि स्थिर झाले. त्या धक्क्याच्या नोंदींवरून तेथील भूमी ओलसर वाळूसारखी आहे, हे शास्त्रज्ञांनी ताडले. ज्या उपग्रहाला हायगेन्सने प्रथम पाहिले, त्याची माती कशी आहे, हे अखेर एका टकरीनेच सांगितले. थोरांविषयी आदर बाळगावा, पण त्यांचे म्हणणेही पारखून घ्यावे, हा हायगेन्सच्या जीवनाचा धडा आहे.