बालगंधर्वांचा जमाखर्च

नटाच्या मोठेपणाचे माप त्याच्या मिळकतीने घेऊ नये, हे खरेच. तथापि बालगंधर्वांचे जीवन नीट समजून घ्यावयाचे असेल, तर त्यांच्या गाण्याबरोबर त्यांचा जमाखर्चही पाहावा लागतो.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. बालपणी काही काळ ते जळगावी नातलगांकडे होते व तेथेच मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांना गाण्याची तालीम मिळाली, ही खानदेशाला अभिमानास्पद गोष्ट होय. बालगंधर्व ही पदवी त्यांना लोकमान्य टिळकांनी दिली. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. १९११ मध्ये ‘मानापमान’च्या पहिल्याच प्रयोगाच्या दिवशी त्यांची लहानगी कन्या निवर्तली, तरीही प्रेक्षकांना विन्मुख न पाठविता त्यांनी भामिनीची भूमिका केली.

१९१३ साली गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’ या नाटकांनी अमाप लोकप्रियता मिळविली. परंतु उत्पन्नापेक्षा खर्चाचा वेग अधिक होता. उंची शालू, अत्तरे, गालिचे, तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. कशातच काटकसर नव्हती. भागीदार दुरावले, कर्ज लाखाच्या वर गेले. १९२१ साली त्यांनी ते सारे स्वतःच्या शिरावर घेतले व पुढे प्रयोगांच्या उत्पन्नातून फेडले. त्याच वर्षी केशवराव भोसले यांच्यासह केलेल्या संयुक्त ‘मानापमान’चे उत्पन्न मात्र टिळक स्वराज्य फंडास गेले.

पुढे बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांचा पायाच खचला. १९३५ च्या ‘धर्मात्मा’त ते एकनाथ झाले; पण कॅमेऱ्यापुढे त्यांचे मन रमले नाही व ते रंगभूमीकडे परतले. वय वाढत होते, आवाज उतरत होता आणि शिल्लक अशी नव्हतीच. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले, तेव्हा आजार व ओढगस्त घरात होतीच. १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या नावाचे भव्य रंगमंदिर खुले झाले.

याचा दोष केवळ त्यांच्या उधळपट्टीवर ढकलणे सोपे आहे. वस्तुतः एका गळ्यावर अख्खी संस्था उभी होती आणि तो गळा थकल्यावर काय, याची तरतूद कोणत्याही खात्यात नव्हती. शेतकरी बियाणे बाजूला काढल्याशिवाय धान्य विकत नाही. नाट्यसंस्थांना मात्र हे शहाणपण क्वचितच सुचते. शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावी नाटक बसविणाऱ्या हौशी मंडळींनीही हिशेब नटाहून निराळ्या माणसाकडे द्यावा व प्रत्येक प्रयोगातून थोडी रक्कम राखीव ठेवावी. वृद्ध कलावंतांना मिळणारे मानधन हा उपकार नव्हे, ती उशिरा केलेली परतफेड आहे, हेही शासनाने व आपण ध्यानात ठेवावे. बालगंधर्वांनी सावकारांचे देणे चुकते केले. रसिकांकडील त्यांचे येणे अद्याप बाकी आहे.