अर्सच्या धर्मगुरूंची सही

४ ऑगस्ट रोजी ख्रिस्तसभा संत जॉन मेरी व्हिएन्नी ह्यांचा सण साजरा करते. १७८६ साली फ्रान्समधील लिओं शहराजवळ दार्दिली गावी शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लॅटिन भाषेने त्यांना जेरीस आणले. तरीही १८१५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १८१८ साली अर्स ह्या सुमारे २३० वस्तीच्या खेड्यात त्यांची नेमणूक झाली. आरंभी कठोर असलेले व्हिएन्नी पुढे दिवसाचे सोळा-सोळा तास पापनिवेदने ऐकताना मृदू होत गेले.

त्यांची कीर्ती शेजारच्या काही धर्मगुरूंना खुपली. व्हिएन्नी अपात्र आहेत, असा तक्रारअर्ज बिशपांकडे पाठविण्यासाठी सह्यांकरिता फिरू लागला. तो चुकून त्यांच्याच हाती आला. त्यांनी तो वाचला, खाली स्वतःची सही केली आणि पुढे पाठविला.

१८५९ साली ते प्रभूघरी गेले. १९२५ साली त्यांना संतपद लाभले.

मंदिरातील परूशी दुसऱ्यांचे दोष मोजत होता. जकातदाराला केवळ स्वतःचे पाप दिसत होते. आम्ही धर्मगुरू वेदीच्या इतके जवळ उभे असतो, की परूशाची जागा आम्हांला सहज सापडते. दुसऱ्यांविरुद्धच्या अर्जांवर आम्ही तत्परतेने सही करतो. स्वतःविरुद्धच्या अर्जावर सही करण्याची कृपा प्रभूकडे मागू या.