लिओ फेंडर

क्लॅरेन्स लिओनिडास ऊर्फ लिओ फेंडर (जन्म : १० ऑगस्ट १९०९, मृत्यू : २१ मार्च १९९१) हे अमेरिकेतील वाद्यनिर्माते व उद्योजक होते. पोकळ खोका नसलेली, भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार कारखान्यात मोठ्या संख्येने तयार करून ती सामान्य वादकाच्या आवाक्यात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

पूर्वायुष्य

फेंडर यांच्या आईवडिलांची कॅलिफोर्नियातील फुलरटन व अनाहाइम या गावांच्या परिसरात संत्र्यांची बाग होती. तेथेच लिओ यांचा जन्म झाला. वयाच्या आठव्या वर्षी गाठ झाल्यामुळे त्यांचा डावा डोळा गेला आणि पुढे आयुष्यभर त्यांनी काचेचा डोळा वापरला. शाळकरी वयातच त्यांना रेडिओ उघडून जोडण्याचा नाद लागला होता. महाविद्यालयात मात्र त्यांनी हिशेबशास्त्र घेतले. इलेक्ट्रॉनिक्सचे औपचारिक शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही. महामंदीच्या काळात हिशेबनिसाच्या नोकऱ्या सुटल्यावर १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्जाऊ घेऊन त्यांनी फुलरटन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले.

या दुकानात वादक आपले बिघडलेले ॲम्प्लिफायर घेऊन येत. कोणता भाग वारंवार निकामी होतो आणि कोणता भाग काढायला अवघड जातो, हे फेंडर यांना तेथे रोज पाहायला मिळे. त्यांच्या पुढील सर्व वाद्यांवर दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या या नजरेची छाप आहे. क्लेटन कॉफमन यांच्या भागीदारीत त्यांनी प्रथम मांडीवर ठेवून वाजवायच्या गिटारी काढल्या. भारतात हा प्रकार हवाईयन गिटार म्हणून परिचित आहे. १९४६ मध्ये कॉफमन बाहेर पडले आणि फेंडर यांनी उद्योग एकट्याने पुढे नेला.

भरीव गिटार

पोकळ गिटारीला पिकअप बसवून आवाज वाढवला की खोका स्वतःच थरथरू लागतो आणि ॲम्प्लिफायरमधून कर्कश शिट्टी येते. भरीव लाकूड वापरल्यास हा दोष बराच कमी होतो. ही कल्पना फेंडर यांची एकट्याची नव्हे. लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास लाकडी ठोकळ्यावर असा प्रयोग केला होता आणि पॉल बिग्सबी यांनी १९४८ मध्ये मर्ल ट्रॅव्हिस या वादकासाठी भरीव गिटार घडवली होती. परंतु बिग्सबी एकेक गिटार मागणीनुसार हाताने घडवत. फेंडर यांचे वेगळेपण उत्पादनाच्या पद्धतीत आहे.

१९५० मध्ये त्यांनी एस्क्वायर आणि पाठोपाठ दोन पिकअपची ब्रॉडकास्टर बाजारात आणली. अंग म्हणजे सपाट फळी, कडा गोल केलेली. त्यात कोरीवकाम नाही. गिटारीची मान सरसाने चिकटवण्याऐवजी चार स्क्रूंनी आवळलेली. मॅपल लाकडाच्या मानेवर वेगळी पट्टी न लावता पडदे थेट तिच्यातच ठोकलेले. सहाही खुंट्या एका बाजूला. मान खराब झाली तर सोडवून दुसरी लावावी, इतका साधा हिशेब. सुटे भाग जोडून वाहने उभी करणाऱ्या पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील कामगाराला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही. परंपरागत वाद्यकारांना मात्र ती वाद्यनिर्मितीची थट्टा वाटली.

ग्रेच कंपनीच्या ढोलांना जवळपास तेच नाव असल्याने तिने ब्रॉडकास्टर नावाला हरकत घेतली. तेव्हा फेंडर यांच्या कारखान्यात चिकटपट्टीवरील ते नाव कातरून काही महिने निनावी गिटारी विकल्या गेल्या. १९५१ मध्ये टेलिव्हिजनच्या वाढत्या आकर्षणावरून टेलिकास्टर हे नाव ठेवले गेले. त्याच वर्षी प्रिसिजन बास आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. सुट्या भागांची बचत असूनही कंपकाठी असलेल्या स्ट्रॅटोकास्टरची किंमत २४९.५० डॉलर होती. नवशिक्याला ती परवडणारी नव्हती. म्हणून १९५६ मध्ये आखूड मानेच्या म्युझिकमास्टर व ड्युओ-सॉनिक या विद्यार्थी-गिटारी काढण्यात आल्या.

विक्री आणि उत्तरायुष्य

दीर्घकाळ न हटणाऱ्या जंतुसंसर्गामुळे आपण फार जगणार नाही, असे फेंडर यांना वाटू लागले होते. जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. पुढे दुसऱ्या डॉक्टरांच्या उपचाराने ते बरे झाले. तोवर स्वतःच्या आडनावावरील हक्क गेला होता. सीबीएसच्या काळात गिटारींचा दर्जा घसरला, असे बहुसंख्य वादकांचे मत आहे. फेंडर यांनी नंतर म्युझिक मॅन कंपनीसाठी आणि १९८० पासून जॉर्ज फुलरटन यांच्यासह काढलेल्या जी अँड एल कंपनीत काम केले, म्हणजे अखेरची वर्षे ते स्वतःच्याच नावाशी स्पर्धा करत होते. पार्किन्सन आजार असतानाही ते कामाच्या बाकावर येत राहिले. १९९२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा मरणोत्तर समावेश झाला.

स्वस्त गिटारींवरील प्रभाव

बनवायला सोपी रचना नक्कल करायलाही सोपी असते. जपानी कारखान्यांनी कमी किमतीत चांगल्या प्रतिकृती काढल्यावर फेंडर कंपनीने १९८२ मध्ये जपानमध्ये स्क्वायर हे स्वस्त नाममुद्रेचे उत्पादन सुरू केले. आज पुण्यातील वा पिंपरीतील दुकानात विद्यार्थ्यासमोर ठेवल्या जाणाऱ्या बऱ्याच गिटारी, नाव कोणतेही असो, स्ट्रॅटोकास्टरच्या आराखड्यावरच बेतलेल्या असतात.

अशा गिटारीत पिकअप तारेचे कंपन चुंबकाने टिपतो. त्यामुळे लाकडाच्या जातीवर खर्च करण्यापेक्षा मान सरळ आहे का, पडद्यांची टोके बोचतात का, खुंट्या सूर धरून ठेवतात का, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. बाराव्या पडद्यावर दाबलेली तार मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात बोलत नसेल, तर घोडीचे स्क्रू फिरवून ते बहुधा जुळवता येते. हलका पिकअप किंवा खुंट्या पुढे बदलता येतात. पिळलेली मान मात्र स्वस्तात सुधारत नाही. पावसाळ्यात मानेचा बाक बदलल्यास आतील लोखंडी सळई पिळून तो दुरुस्त करतात. ॲम्प्लिफायरशिवाय हे वाद्य जवळजवळ मुके असल्याने त्याची किंमत गिटारीच्या अंदाजपत्रकातच धरावी लागते.