संत झान जुगान : निराधार वृद्धांची माय



३० ऑगस्ट हा संत झान जुगान हिचा सण. तिचे नाव आपल्या कानावर फारसे येत नाही. पण ज्या घरात म्हातारे माणूस आहे, त्या घराने तरी तिची ओळख करून घ्यावी असे मला वाटते.

झानचा जन्म २५ ऑक्टोबर १७९२ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, कांकाल या मच्छीमार बंदरात झाला. ती चार वर्षांचीही नव्हती तेव्हा बाप समुद्रावर गेला तो परत आलाच नाही. त्या किनाऱ्यावर अशा विधवा पुष्कळ होत्या. अंगात बळ होते तोवर त्या राबत. हात थकले की टोपली घेऊन भीक मागत. झान स्वतः सोळाव्या वर्षी एका जमीनदारीणबाईच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. लग्नाची मागणी आली ती तिने नाकारली. पुढे सें-सर्वां गावच्या इस्पितळात सहा वर्षे रुग्णसेवा केली आणि शेवटी तिचीच प्रकृती ढासळली.

१८३९ च्या हिवाळ्यात, वयाच्या ४७ व्या वर्षी, तिने अ‍ॅन शोव्हँ या विधवेला आपल्या घरी आणले. अ‍ॅन आंधळी होती, अंगाने लुळी पडली होती आणि तिला पाहणारे कोणी नव्हते. यातले तिसरे दुखणे पहिल्या दोहोंइतकेच खरे. २००१ साली अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी वार्धक्यातील खंगण्याची पाच लक्षणे मांडली : नकळत वजन घटणे, सतत थकवा, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. यांपैकी तीन दिसली तर एखादा ताप किंवा एकदा पडणेही त्या माणसाला अंथरुणाला खिळवू शकते. गरिबी, एकटेपणा आणि ताटातले अपुरे अन्न यांनी ही घसरण वाढते. एकट्यासाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो म्हणून चहा-बटरवर रात्र काढणारी माणसे मला घरभेटींत दिसतात.

झानने हे पुस्तकावाचून ओळखले. आपला बिछाना अ‍ॅनला दिला आणि स्वतः माळ्यावर झोपू लागली. मग दुसरी म्हातारी आली, तिसरी आली, घर पुरेना. त्यांच्या भिकेच्या टोपल्या तिने आपल्या हाती घेतल्या आणि त्यांच्या ठरलेल्या दारांवर ती स्वतः गेली. एकाने थोबाडीत मारली, तेव्हा ती आपल्यासाठी ठेवून घेऊन तिने त्याच्याकडे वृद्धांसाठी काही मागितले, असे सांगतात. ज्यांना जमेल त्या म्हाताऱ्यांना तिने सूत कातायला बसवले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपण मायेपोटी आईच्या हातून विळी काढून घेतो, आणि त्याबरोबर तिची घरातली जागाही जाते.

यातून 'गरिबांच्या लहान भगिनी' हा संघ उभा राहिला. १८४३ मध्ये भगिनींनी झानला पुन्हा प्रमुख निवडले. पण फादर ल पायेर यांनी काही दिवसांतच ती निवड रद्द करून एका तरुण भगिनीला नेमले. पुढे संस्थापक म्हणून ते स्वतःचेच नाव सांगू लागले. एका धर्मगुरूने केलेले हे काम लिहिताना मला संकोच वाटतो, पण ते घडले आहे. १८५२ मध्ये झानला भिक्षेच्या कामावरूनही दूर केले. आयुष्याची शेवटची २७ वर्षे तिने मठात नवशिक्या भगिनींमध्ये काढली. त्यांतल्या बहुतेकींना ही काठी टेकत चालणारी, दृष्टी गेलेली म्हातारी कोण हे ठाऊक नव्हते. तिने तक्रार केली नाही. २९ ऑगस्ट १८७९ रोजी तिने डोळे मिटले तेव्हा संघात सुमारे २४०० भगिनी होत्या. तीनच वर्षांनी, १८८२ मध्ये, त्या कोलकात्यात आल्या.

१८९० मध्ये रोमने ल पायेर यांना पदावरून दूर केले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ११ ऑक्टोबर २००९ रोजी झानला संतपद दिले.

घरी ख्रिस्तप्रसाद हवा असलेल्या वृद्धांची नावे कार्यालयात द्यावीत. आपल्या वाडीत कोणी एकटे राहत असेल, तर विचारल्याशिवाय ते स्वतः नाव देणार नाहीत, शेजाऱ्यांनी द्यावे.

तुमचा प्रमुख धर्मगुरू