एकमेकांजवळ : बिल विल्सन यांचा एक फोन

आजचे मनन : याकोब ५:१६

आजच्या वचनात याकोब आपल्याला फक्त देवापुढे नाही, तर एकमेकांपुढेही मन मोकळं करायला सांगतो, आणि बरं होणं त्याच्याशी जोडतो. देवापुढे कबूल करणं आपल्याला जमतं. माणसापुढे जीभ अडते. दारूशी झुंजणाऱ्याची तर जास्तच. म्हणून आज बिल विल्सन यांचं आयुष्य पाहू या.

बिल यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९५ रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ईस्ट डॉर्सेट या लहान गावी झाला. आईवडील वेगळे झाले आणि ते आजी-आजोबांकडे वाढले. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यात असताना त्यांच्या हाती पहिला पेला आला. १९१८ मध्ये लोइस यांच्याशी लग्न झालं. पुढे न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात बिल यांनी चांगलं कमावलं. १९२९ मध्ये बाजार कोसळला आणि राहिलेलं दारूने नेलं. लोइस दुकानात नोकरी करून घर चालवू लागल्या. बिल पुन्हा पुन्हा टाउन्स हॉस्पिटलमध्ये भरती होत. तिथल्या डॉ. सिल्कवर्थ यांनी त्यांना समजावलं की हा नुसता मनाचा दुबळेपणा नाही, आजार आहे.

नोव्हेंबर १९३४ मध्ये एबी नावाचा पिण्यातला जुना सोबती घरी आला. तो पीत नव्हता. ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती सहवासात त्याला बळ मिळालं होतं. डिसेंबरमध्ये बिल शेवटचे भरती झाले. तिथे त्यांनी देवाला हाक मारली, आणि खोली प्रकाशाने भरल्याचा अनुभव त्यांना आला. त्यानंतर ते कधीच प्यायले नाहीत.

आपल्याकडे साक्ष सहसा इथेच संपते. पण बिल यांच्या आयुष्यात महत्त्वाची गोष्ट इथून पाच महिन्यांनी घडली.

मे १९३५. कामासाठी ते ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात गेले होते. व्यवहार फसला. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत ते एकटे उभे होते. एका बाजूला बार, तिथून हसण्याबोलण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या बाजूला शहरातल्या चर्चची यादी लावलेली होती. इतका मोठा अनुभव गाठीशी असूनही त्यांना कळलं की आज आपण पिऊ शकतो. त्यांनी यादीतून एका पाळकांना फोन लावला. आपल्याला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायचंय, असं कारण सांगितलं. आधी मिळालेल्या नावांतून काही जमेना, पण शेवटी फोन हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचला.

दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, संध्याकाळी पाच वाजता त्यांच्या घरी डॉ. बॉब स्मिथ आले. बॉब शल्यचिकित्सक होते. दोनेक वर्षं ते प्रार्थनासभेला जात होते, शास्त्र वाचत होते, आणि पीतही होते. पंधरा मिनिटांत उठायचं ठरवून आलेला हा माणूस रात्री अकरानंतर उठला.

असं काय झालं? याआधी बिल यांनी अनेकांना उपदेश केला होता, पण त्यातला एकही सुटला नव्हता. या वेळी त्यांनी उपदेश केला नाही. स्वतःची कहाणी सांगितली, कारण त्यांना स्वतःलाच बॉबची गरज होती. जूनमध्ये बॉब एकदा घसरले. पण १० जून १९३५ हा त्यांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस मानतात, आणि तोच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे एएचा, स्थापना दिवस. मग दोघं मिळून हॉस्पिटलमध्ये तिसऱ्याला शोधायला गेले. बॉब यांच्या घरी पत्नी अ‍ॅन सकाळी बायबल वाचून दाखवत. याकोबाचं पत्र त्यांना इतकं प्रिय होतं की काहींना या सहवासाला याकोबाचंच नाव द्यावंसं वाटत होतं.

बिल काही संत नव्हते. पुढे अनेक वर्षं त्यांना खोल नैराश्य होतं आणि सिगारेटने त्यांची फुप्फुसं गेली. २४ जानेवारी १९७१ रोजी ते वारले. पण ३६ वर्षं ते प्यायले नाहीत, आणि त्या काळात ते कधी एकटे राहिले नाहीत.

आम्हा आयटीवाल्यांची सिस्टीम रात्री पडली, तर हाच बिघाड आधी भोगलेल्या माणसाला आम्ही फोन लावतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मग रविवारी तोंडात वेलची ठेवून मागच्या बाकावर बसणाऱ्या आपल्या भावाला तो का वाटावा? मंडळीत कळलं तर काय म्हणतील, ही भीती त्याला आपणच घातली आहे ना?

एएच्या मीटिंगला फी नसते, आडनाव सांगावं लागत नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. मुंबई-पुण्यात मराठीतूनही मीटिंग होतात. ओपन मीटिंगला घरच्यांनाही बसता येतं. घरच्यांसाठी वेगळी अल-अ‍ॅनॉन आहे, ती १९५१ मध्ये लोइस यांनीच उभी केली. फक्त रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना भेटावं. ते धोक्याचं ठरू शकतं. प्रार्थना चालूच ठेवा, पण आज एक फोनही करा.

प्रार्थना : हे प्रभू, जो आज बार आणि फोन यांच्या मधे उभा आहे त्याला फोनकडे वळव. आणि तो फोन आमच्याकडे आला तर उपदेश न करता ऐकण्याची कृपा आम्हांला दे. येशूच्या नावाने मागतो, आमेन.